तुरीच्या पेशीतल्या एन्झाइम्सचा डेटाबेस आपणच उभा करू या : मराठवाड्यातील विभागप्रमुखांना आणि अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील विद्यापीठे व महाविद्यालयांतील जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, वनस्पतिशास्त्र आणि जैवमाहितीशास्त्र विभागांचे प्रमुख,
तसेच या विषयांच्या अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. मागणी आधीच सांगून टाकते. तूर, ज्वारी, हरभरा आणि कापूस या आपल्या पिकांच्या पेशींत संदेश पुढे नेणारी जी एन्झाइम्स आहेत, म्हणजे मुख्यतः कायनेज (प्रथिनावर फॉस्फेट चढवणारी) आणि फॉस्फेटेज (तो उतरवणारी), त्यांचा एक खुला ऑनलाइन डेटाबेस मराठवाड्यातल्या विद्यापीठांनी मिळून उभा करावा. त्यातल्या नोंदी एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पांतून तयार व्हाव्यात. नवी इमारत, नवं केंद्र, कोटींचं अनुदान यांतलं काहीही मी मागत नाही. आपले विद्यार्थी दरवर्षी यातलं बरंचसं काम आजही करतात. ते कपाटात जातं आणि तिथेच राहतं. त्याला जागा मिळावी, यासाठी हे पत्र आहे.

हे काम आपल्याच भागात का व्हावं, ते आधी सांगते.

ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो. पंधरा-वीस दिवस थेंब नाही, काळ्या रानाला भेगा पडू लागतात, दुपारी सोयाबीन माना टाकतं आणि शेजारच्या तासातली तूर तग धरून उभी राहते. तुरीचं मूळ खोल जातं हे त्याचं एक कारण. पण कोणतंही झाड पाण्याच्या ताणात टिकतं तेव्हा त्याच्या पानात आणखी एक गोष्ट घडत असते, आणि ती घडवतात आपली ही एन्झाइम्स. पाणी कमी पडू लागलं की झाडात अॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं. पानावरच्या प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी असतात. त्या पेशींत एसएनआरके2 कुळातलं एक कायनेज असतं. ते चालू झालं की रंध्र मिटतं. एरवी त्याला बंद ठेवण्याचं काम पीपी2सी कुळातलं फॉस्फेटेज करत असतं : कायनेजमधल्या सेरीन या अमिनो आम्लावर, एका ठरावीक जागी, बसलेला फॉस्फेट ते काढून टाकतं. संप्रेरक आलं की पीवायएल कुळातला ग्राही त्याला धरतो आणि मग थेट पीपी2सीच्या क्रियास्थळावर जाऊन बसतो. फॉस्फेटेज अडतं, कायनेजवरचा फॉस्फेट टिकतो, आणि मोकळं झालेलं कायनेज एसएलएसी1 या आयन-वाहिनीवर फॉस्फेट चढवतं. वाहिनी उघडते, ऋण आयन बाहेर पडतात, मागोमाग पोटॅशियम आणि पाणी निघून जातं, रक्षक पेशी सैल पडतात आणि रंध्र बंद होतं.

ही साखळी कळायला बरीच वर्षं लागली. फ्रान्समधल्या संशोधकांनी अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीची रोपं थर्मल कॅमेऱ्याखाली ठेवली आणि ज्यांची पानं इतरांपेक्षा गार राहतात ती रोपं वेचून काढली. पानं गार राहत होती, कारण त्यांची रंध्रं मिटत नव्हती आणि पाणी उडत राहत होतं. त्यांतूनच ओएसटी1, म्हणजे रक्षक पेशीतलं हेच एसएनआरके2 कायनेज, हाती लागलं. ग्राही सापडले ते 2009 मध्ये, शॉन कटलर आणि एर्विन ग्रिल यांच्या गटांना, वेगवेगळ्या वाटांनी. विद्यार्थ्यांना मी या साखळीतला एक तपशील नेहमी दाखवते. पीपी2सी कुळातल्या एबीआय1 या फॉस्फेटेजमध्ये 180 व्या जागी ग्लायसिनऐवजी अस्पार्टिक आम्ल आलं, एवढ्या एका बदलाने ग्राहीला ते फॉस्फेटेज अडवता येत नाही. संप्रेरक येतं, पण रंध्र त्याचं ऐकत नाही आणि रोप कोमेजतं. शेकडो अमिनो आम्लांच्या प्रथिनात एका अक्षराचा फरक, आणि झाडाची ताण सोसण्याची ताकद गेली. अशी अक्षरं कोणत्या वाणात कोणती आहेत, हे कुठेतरी नीट लिहून ठेवलेलं असायला हवं की नाही?

प्रथिनावर फॉस्फेट चढवणं आणि उतरवणं हा पेशीचा नियंत्रणाचा मार्ग आहे, हे एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी 1955 च्या सुमारास स्नायूतल्या ग्लायकोजेन फॉस्फोरायलेजवर काम करताना दाखवलं. त्यासाठी त्यांना 1992 चं नोबेल मिळालं. माणसाच्या जीनोममध्ये 518 कायनेज आहेत अशी यादी 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. इमॅटिनिबसारखं रक्ताच्या कर्करोगावरचं औषध 2001 मध्ये बाजारात आलं, तेही एका कायनेजलाच अडवतं. वैद्यकाच्या बाजूने या एन्झाइम्सचे डेटाबेस पुष्कळ आहेत, कारण मागे औषध कंपन्यांचा पैसा आहे. वनस्पतींच्या बाजूला अरॅबिडॉप्सिसवर भरपूर काम आहे. त्यात प्रथिन-कायनेज हजाराच्या आसपास, एसएनआरके2 दहा, अॅब्सिसिक आम्लाचे ग्राही चौदा आणि या साखळीतले पीपी2सी नऊ. भातावरही बरंच झालं आहे. आपली पिकं मात्र या रांगेत खूप मागे उभी आहेत.

जीनोम नाहीत असं मुळीच नाही. तुरीच्या जीनोमचा पहिला मसुदा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये मांडला. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखालच्या गटाने 2012 मध्ये दुसरा मसुदा प्रसिद्ध केला, त्यात 48,680 जनुकांचा अंदाज होता. ज्वारीचा जीनोम 2009 पासून आणि हरभऱ्याचा 2013 पासून उपलब्ध आहे. पण तुरीचे हे दोन्ही मसुदे आशा या वाणाचे आहेत. आपल्या रानात काय उभं असतं? बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेलं बीडीएन 711, बीएसएमआर 736, बीएसएमआर 853, अलीकडे गोदावरी. बीएसएमआर या नावातच वांझ रोगाला दाद न देण्याचा गुण सांगितलेला आहे. ज्वारीतही तेच. संदर्भ जीनोम बीटीएक्स623 या अमेरिकी वाणाचा, आणि आपल्याकडे पेरली जाते मालदांडी, परभणी मोती, परभणी शक्ती. जगातला कोणताही मोठा डेटाबेस बीडीएन 711 च्या एखाद्या फॉस्फेटेजमधला एका अक्षराचा फरक मुद्दाम नोंदवायला येणार नाही. ते काम ज्यांच्या बांधावर हे वाण उभे आहेत त्यांचंच आहे.

आता नोंदींच्या दर्जाबद्दल. युनिप्रॉट हा प्रथिनांचा जागतिक डेटाबेस उघडून तुरीचं कोणतंही एक कायनेज पाहा. नावाच्या जागी बहुधा ‘सेरीन/थ्रिओनीन प्रोटीन कायनेज’ एवढंच असतं, किंवा ‘अनकॅरॅक्टराइज्ड प्रोटीन’. पुराव्याच्या रकान्यात ‘समानतेवरून अनुमान’ किंवा ‘भाकीत’. माणसाने वाचून तपासलेल्या स्विस-प्रॉट विभागात साऱ्या सजीवांच्या मिळून पावणेसहा लाखांच्या आसपास नोंदी आहेत, तर यंत्राने केलेल्या ट्रेंबल विभागात कोट्यवधी. तुरीची बहुतेक प्रथिनं या दुसऱ्या ढिगात आहेत. त्या ढिगातल्या नावांचा प्रवास असा होतो : एका प्रथिनाचं नाव साधर्म्यावरून दुसऱ्याला लागतं, दुसऱ्याचं तिसऱ्याला. चौथ्या ठिकाणी पोचेपर्यंत मूळ प्रयोग कोणत्या वनस्पतीवर झाला होता आणि झाला होता का, हे कोणालाच सांगता येत नाही. एकाच एन्झाइमची अनेक नावं ही आणखी एक अडचण. वर सांगितलेलं ओएसटी1 म्हणजेच एसएनआरके2.6 म्हणजेच एसआरके2ई. तीन गटांनी तीन नावं दिली. एका नावाने शोधणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या नावाने छापलेले लेख सापडत नाहीत.

आणि आपले विद्यार्थी शोधत असतात. दरवर्षी उन्हाळ्यात प्रत्येक विभागात स्पायरल बाइंडिंग केलेले प्रकल्प अहवाल जमा होतात. त्यांत ‘इन सिलिको अॅनालिसिस’ (संगणकावर केलेलं विश्लेषण) असं शीर्षक असलेले अहवाल किती असतात, हे मी आपल्याला सांगायची गरज नाही. विद्यार्थी जनुक निवडतो, ब्लास्ट करतो (त्याच्याशी जुळणारे क्रम संगणकावर शोधतो), वंशवृक्ष काढतो, त्रिमितीय रचनेचं चित्र लावतो, तोंडी परीक्षा होते आणि अहवाल कपाटात जातो. पुढच्या वर्षी दुसऱ्या महाविद्यालयातला दुसरा विद्यार्थी त्याच जनुकावर तेच काम पुन्हा पहिल्यापासून करतो, कारण आधीचं काम झालं होतं हे त्याला कळायला मार्गच नसतो. यात विद्यार्थ्यांचा काहीही दोष नाही. मी अनेक अहवाल बारकाईने वाचले आहेत. काहींत इतकं नेटकं काम असतं की वाईट वाटतं. एका विद्यार्थिनीने एका वंशवृक्षात दोन कुळं एकमेकांत मिसळलेली अचूक ओळखली होती आणि त्याचं कारणही लिहिलं होतं. परीक्षकांनी सही केली. तो मुद्दा त्या खोलीबाहेर कधीच गेला नाही.

हाच प्रकल्प नोंदीच्या रूपात कसा दिसेल ते एका उदाहरणावर सांगते. समजा, विद्यार्थ्याकडे तुरीच्या एसएनआरके2 कुळातलं एक प्रथिन आहे. पहिली पायरी यंत्राची : सगळी भाकीत प्रथिनं घेऊन एचएमएमईआर या मोफत प्रणालीने त्यांत कायनेजचा भाग शोधायचा. पीफॅम या प्रथिन-कुळांच्या संग्रहातल्या पीएफ00069 आणि पीएफ07714 या आकृतिबंधांनी तो सापडतो, पीपी2सीसाठी पीएफ00481. तुरीच्या सगळ्या प्रथिनांची फाइल वीसेक एमबीची असते आणि हा शोध साध्या लॅपटॉपवर होतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. कायनेजचा भाग साधारण 250 ते 300 अमिनो आम्लांचा. त्यात फॉस्फेट पुरवणाऱ्या एटीपी या रेणूला धरणारं लायसिन आहे का, एचआरडी या त्रिकुटातलं अस्पार्टिक आम्ल आहे का, डीएफजी या त्रिकुटातलं मॅग्नेशियम धरणारं अस्पार्टिक आम्ल आहे का, हे विद्यार्थ्याने स्वतः डोळ्यांनी पाहायचं. यांतलं एखादं नसेल तर ते प्रथिन दिसायला कायनेज आणि कामाला बहुधा नाही. माणसाच्या कायनेजांपैकी सुमारे दहा टक्के अशीच आहेत. पण डब्ल्यूएनके कुळात ते लायसिन नेहमीच्या जागी नसून दुसरीकडे असतं, तरी एन्झाइम उत्तम काम करतं. म्हणून यंत्राने ‘निष्क्रिय’ असा शेरा मारला तरी माणसाने पाहिल्याशिवाय तो नोंदीत जाऊ नये.

मग प्रत्येक विधानापुढे पुरावा लिहायचा. हे प्रथिन कायनेज आहे : अनुमान, अमुक आकृतिबंधावरून. अरॅबिडॉप्सिसमधल्या ओएसटी1 चं जवळचं भावंड आहे : अनुमान, अमुक वंशवृक्षावरून, वृक्षाची फाइल सोबत. कोरडवाहू स्थितीत याचं जनुक अधिक व्यक्त होतं : प्रयोग, अमुक शोधनिबंध, अमुक वाण, रोपाचं अमुक वय. त्याशिवाय सगळी पर्यायी नावं आणि एन्झाइम आयोगाचा क्रमांक. सेरीन-थ्रिओनीन कायनेजसाठी 2.7.11 ने सुरू होणारा, त्यांच्या फॉस्फेटेजसाठी 3.1.3.16. जिथे पुरावा नाही तिथे रकाना रिकामा. रिकामा रकाना ही कामाची माहिती आहे. पुढच्या विद्यार्थ्याला त्यातूनच प्रकल्पाचा विषय मिळेल.

नोंदीतला बदल कधीही गुपचूप होऊ नये, हा माझा आग्रह आहे. सातबाऱ्यावर नाव बदलतं तेव्हा फेरफाराचा क्रमांक पडतो, जुनं नाव कंसात जातं आणि बदल कशाच्या आधारावर झाला ते मागे जाऊन पाहता येतं. आपल्या डेटाबेसमध्येही तसंच हवं. कोणी, कधी, कोणत्या पुराव्यावर नोंद बदलली आणि आधी तिथे काय होतं, हे कोणालाही दिसलं पाहिजे. विद्यार्थ्याने भरलेली नोंद दोन शिक्षकांनी तपासावी, त्यांतला एक दुसऱ्या महाविद्यालयाचा असावा, आणि तिघांचीही नावं नोंदीवर असावीत.

यापुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे आपल्या साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळा खरोखर नवी माहिती देऊ शकतात. कायनेजची क्रिया मोजणं महाग आहे. किरणोत्सारी एटीपी लागतं, विशिष्ट प्रतिपिंडं लागतात किंवा वस्तुमान वर्णपटमापी लागतो, ज्यात फॉस्फेट चढलेलं पेप्टाइड सुमारे 80 डाल्टनने जड दिसतं. ते आपल्या आवाक्यात सहज येणार नाही. फॉस्फेटेजचं मात्र तसं नाही. पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट घातलं, एन्झाइमने त्यातला फॉस्फेट तोडला, की पिवळा रंग येतो आणि तो आपल्या कलरीमीटरवर मोजता येतो. पीपी2सीला मॅग्नेशियम किंवा मँगनीज लागतं. ईडीटीए घालून धातू बांधून टाकला की क्रिया थांबते. म्हणजे नियंत्रण-प्रयोगही स्वस्तात होतो. खुल्या झालेल्या फॉस्फेटचं थेट मापन करायचं असेल तर फिस्के-सुब्बाराव पद्धत आहे, आणि प्रमाण फार कमी असेल तर मॅलाकाइट ग्रीन. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी सायरस फिस्के यांच्याबरोबर ही पद्धत 1925 मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्याच कामातून पुढे त्यांच्या हाती एटीपी लागलं. आंध्रातून गेलेल्या माणसाची ती निळ्या रंगाची पद्धत आपल्या पोरांनी नुसती प्रमाणित आलेख काढण्यापुरती शिकावी, हे मला पटत नाही. जनुक ई. कोलायमध्ये घालून प्रथिन तयार करणं आणि निकेलच्या स्तंभावर शुद्ध करणं विद्यापीठ विभागांनी करावं. त्याची क्रिया मोजणं महाविद्यालयांनी करावं. एकाच शुद्ध नमुन्याचं मापन तीन ठिकाणी झालं आणि आकडे जुळले, तर ती नोंद जगातल्या कोणत्याही डेटाबेसला घ्यावीशी वाटेल.

एक सूचना इथेच करते : मापनासोबत तापमानाचा आकडा लिहिणं सक्तीचं असावं. अहवालांत ‘कक्ष तापमान’ असं लिहिलेलं असतं. जानेवारीतल्या आणि मेमधल्या आपल्या प्रयोगशाळेत कितीतरी अंशांचा फरक असतो आणि एन्झाइमचा वेग त्याने बदलतो.

आक्षेपही मी ऐकले आहेत. पहिला असा की आता कृत्रिम बुद्धिमत्तेने सगळ्या प्रथिनांच्या रचना सांगून टाकल्या आहेत, मग हाताने नोंदी कशाला? प्रथिनांच्या रचनांचं भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रणालीचा डेटाबेस 2021 मध्ये खुला झाला, 2022 मध्ये त्यात वीस कोटींहून अधिक रचना आल्या, आणि त्या कामाला 2024 मध्ये नोबेलही मिळालं. ते सगळं आपण वापरायचंच आहे. प्रत्येक नोंदीत त्या रचनेचा दुवा असेल. पण रचनेवरून हे कायनेज कोणत्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं, कोणत्या ताणात चालू होतं, कोणत्या वाणात ते बिघडलं आहे, हे कळत नाही. ते शोधनिबंध वाचून आणि प्रयोग करून लिहावं लागतं. आणि ही यंत्रं शिकतात तीही माणसांनी तपासून ठेवलेल्या नोंदींवरूनच.

दुसरा आक्षेप : हे दिल्लीने, बेंगळुरूने, पुण्याने करावं, आपला हा प्रांत नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून 2004 मध्ये ‘किंग’ हा वेगवेगळ्या जीनोममधल्या कायनेजांचा डेटाबेस प्रसिद्ध झाला होता. म्हणजे देशात या कामाची परंपरा आहे. पण मोठ्या संस्था सगळ्या सजीवांचा विचार करतात आणि तो त्यांनी करावा. एका पिकाच्या एका कुळातल्या पंचवीस प्रथिनांवर वर्षभर बसायला जो वेळ आणि जी माणसं लागतात ती आपल्याकडे आहेत. लातूर पॅटर्नच्या वर्गांत जीवशास्त्राची पानंच्या पानं मन लावून वाचलेली, वैद्यकीयचा प्रवेश थोडक्यात हुकलेली कितीतरी मुलं बी.एस्सी.ला आपल्याकडे येतात. त्यांच्या वाचनाच्या शिस्तीला मी कमी लेखत नाही. ती शिस्त या कामाला हवीच आहे. वाणांचा आणि बियाण्यांचा आधार परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे आहे, आणि त्याचंच कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय लातूरला आहे. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांकडे महाविद्यालयांचं जाळं आहे. हे तिघं एका टेबलाशी बसले की बाकीचं जमण्यासारखं आहे.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि त्यावर उत्तर आधी ठरवूनच काम सुरू करावं लागेल. डेटाबेस बंद पडतात. आमच्याच भागातल्या एका संस्थेत औषधी वनस्पतींवर असा एक छोटा डेटाबेस एका प्रकल्पातून तयार झाला होता. प्रकल्पाची मुदत संपली, करारावरचा संगणक सहायक दुसरीकडे गेला, डोमेनचं नूतनीकरण करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही आणि सगळं गेलं. प्रतही कोणाकडे नाही. मोठ्यांचंही हेच होतं. अरॅबिडॉप्सिसच्या टेअर या डेटाबेसचा अमेरिकी सरकारी निधी संपल्यावर त्याला 2013 मध्ये वर्गणीवर जावं लागलं. जपानच्या केग या जनुकं आणि जैवरासायनिक मार्गांच्या डेटाबेसला 2011 मध्ये एकगठ्ठा डाउनलोडसाठी वर्गणी लावावी लागली. म्हणून आपली मांडणी उलटी हवी. आधी साध्या मजकुराच्या फाइल, मग त्यांवर उभं केलेलं संकेतस्थळ. दर सहा महिन्यांनी सगळ्या फाइल झेनोडो या संशोधन-डेटाच्या खुल्या संग्रहावर ठेवायच्या. तिथे प्रत्येक आवृत्तीला कायमचा क्रमांक मिळतो. आपल्याकडे नवं जनुक-वाचन झालं तर त्याचा कच्चा डेटा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये जमा करायचा. ते केंद्र 2022 पासून त्यासाठीच आहे. संकेतस्थळ उद्या बंद पडलं तरी फाइलवरून कोणीही ते पुन्हा उभं करू शकेल. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेयासह मुक्त वापराचा. युनिप्रॉट आणि अल्फाफोल्डचा डेटा याच अटीवर मिळतो, त्यामुळे तो वापरायला अडचण नाही. केगमधून मात्र मजकूर उचलायचा नाही, फक्त दुवा द्यायचा.

सर्व्हरला मग फार खर्च नाही. खर्च आहे तो एका माणसाचा, आणि ते पद कायमचं असलं पाहिजे. जीवरसायनशास्त्र कळणारी आणि थोडं प्रोग्रॅमिंग येणारी एक व्यक्ती, विद्यापीठाच्या वेतनावर. दर वर्षी नव्याने मुलाखत द्यावी लागणाऱ्या माणसाकडून वीस वर्षं टिकणारं काम कसं होईल? तीन विद्यापीठांनी मिळून एवढं एक पद द्यावं. बाकी सगळं काम आपण शिक्षक आणि विद्यार्थी करू.

श्रेयाचाही प्रश्न सोडवावा लागेल. नव्या अभ्यासक्रमात पदव्युत्तर विद्यार्थ्याला संशोधन प्रकल्प आहेच. ठरावीक संख्येच्या तपासलेल्या नोंदी हा त्या प्रकल्पाचा मान्य प्रकार आहे, असं अभ्यास मंडळाने ठरवावं. गुण देताना पुराव्याची काटेकोर नोंद, पर्यायी नावांचा शोध आणि मोकळ्या सोडलेल्या रकान्यांचं कारण यांना वजन द्यावं, पानांच्या संख्येला नको. शिक्षकांच्या पदोन्नतीत शोधनिबंध मोजले जातात, नोंदी तपासण्याचं काम मोजलं जात नाही. ते मोजलं जावं यासाठी विद्यापीठांनी वर पाठपुरावा करावा. निबंधापेक्षा हे काम हलकं नाही. एका नोंदीसाठी कधी दहा निबंध वाचावे लागतात आणि त्यांतले दोन एकमेकांच्या विरोधात असतात.

प्रत्येक कुळाच्या पानावर अर्धं पान मराठीत असावं, असंही मला वाटतं. हे एन्झाइम झाडात काय करतं, ताणात किंवा मर रोगात त्याचा काय संबंध, एवढं सांगणारं. मर आणणाऱ्या फ्युझॅरियम बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं. कायटिनची चाहूल लागल्यावर झाडाच्या पेशीत सीईआरके1 सारखे ग्राही-कायनेज जागे होतात आणि बचावाची साखळी सुरू होते, हे कृषी सहायकाला आणि शिकलेल्या शेतकऱ्यालाही समजेल. त्यांच्याकडून येणारे प्रश्न आपल्याला उपयोगी पडतील.

सुरुवात लहान असावी. पहिल्या वर्षी फक्त तूर, आणि तुरीतही फक्त अॅब्सिसिक आम्लाची साखळी : पीवायएल ग्राही, या साखळीतले पीपी2सी आणि एसएनआरके2. ग्राही एन्झाइम नाहीत, पण त्यांच्याशिवाय उरलेल्या दोघांचा अर्थ लागत नाही, म्हणून ते घ्यायचे. दुसऱ्या वर्षी बदनापूरच्या वाणांमधले फरक आणि पीपी2सीची मापनं. ज्वारी त्यानंतर. एकदम चारही पिकांची शेकडो कायनेज यंत्राने भरून उद्घाटन करण्याचा मोह होईल. तसं झालं तर ट्रेंबलच्या ढिगाची एक छोटी प्रत आपण तयार केलेली असेल.

शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी अभ्यास मंडळाची जी बैठक होईल तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती. नोंदीचा नमुना, पुराव्याच्या श्रेणी आणि तपासणीची पद्धत यांचा कच्चा मसुदा मी तयार केला आहे. तो मंडळांकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. त्यात हवे ते बदल करावेत. आमच्या महाविद्यालयाने पीपी2सी कुळ घ्यायचं ठरवलं आहे. आपल्या विभागाला पीवायएल घेता येईल की एसएनआरके2, आणि प्रथिन शुद्ध करून देण्याची सोय कोणत्या विभागाकडे आहे, तेवढं कृपया कळवावं.

आपली नम्र,
जीवरसायनशास्त्राची एक प्राध्यापिका,
बीड जिल्हा